गोत्रीच्या वेशीवरचा घोडेस्वार

बडोदे,
कार्तिक शुद्ध दशमी

प्रिय कुसुम,

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं आणि मी उत्तराला बसले ती आज, तुळशीचं लग्न तोंडावर आल्यावर. तू केव्हाच मनात म्हटलं असशील, विमल अजून तशीच, पेपरातला अवघड प्रश्न आला की पेन्सिलीला टोक काढत बसणारी. खरं आहे. वास्तविक तुझ्या प्रश्नात अवघड काहीच नव्हतं. जयवंतरावांनी त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात श्रीकृष्णासाठी जागा राखली आहे, डिसेंबरच्या पहिल्या तारखेला त्यानं हजर व्हायचं, राहणं-जेवणं तुमच्याकडे. आजच्या दिवसांत एवढं सख्खे तरी करतात का गं? पत्र वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, "धाडून दे. बी. ए. होऊन तरी कारकूनच व्हायचंय ना?" मलाही ते पटलं होतं. श्रीकृष्णानं सगळं ऐकून घेतलं, "तू म्हणशील तसं, आई," म्हणाला आणि सायकलची हवा बघायला निघून गेला.

त्याचे रविवार तुला ठाऊक नाहीत. कॉलेजात इतिहास घेतल्यापासून स्वारी दर रविवारी सकाळी दशम्यांची पुरचुंडी घेऊन सायकलवर जी जाते ती दिवेलागणीला परत. आज हरणी, परवा छाणी, मग गोत्री. गावांच्या वेशीवर जुने दगड असतात, इकडचे लोक त्यांना पाळिया म्हणतात. गावासाठी लढताना पडलेल्या माणसाची ती आठवण. घोडेस्वार कोरलेला, वर चंद्रसूर्य आणि खाली दोन-चार ओळी. त्या ओळी वाचायच्या, हा त्याचा छंद. पातळ कागद दगडावर ताणून धरायचा आणि वरून कोळसा घासायचा, की अक्षरं पांढरी उमटतात. कोळसे अर्थात माझ्या बंबातले! शेवटी मीच एक जुना तुपाचा डबा काढून दिला आणि विझलेले, बोटभर लांबीचे कोळसे निवडून त्यात भरून ठेवू लागले, नाहीतर तो चांगले जळाऊ कोळसेसुद्धा उचलायचा. हे विचारायचे, "काय रे, मेलेल्यांची खानेसुमारी झाली का?" तो हसायचा. नोकरीचं ठरत आलं तेव्हाही रविवार चुकले नाहीत, पण तो घरी येऊन पूर्वीसारखं सांगेनासा झाला.

आणि कोजागिरीनंतरच्या सोमवारी त्याची पिशवी धुवायला काढली, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले शेंदराचे पापुद्रे. नखाएवढे नाहीत गं, चांगले तळहाताएवढे, वर्षानुवर्षं एकावर एक चढलेले. मी त्याला तिथल्या तिथे हाक मारून विचारलं. गोत्रीच्या एका पाळियावरची अक्षरं शेंदराखाली बुजली होती म्हणून चिरंजीवांनी चाकूनं सगळं कवच उतरवलं होतं, आणि वर नमुना म्हणून घरी आणलं होतं! देवानं आपणहून कवच सोडलं तरी ते वाजतगाजत नदीवर नेतात, आणि यानं खरवडून काढलं. मी म्हटलं, "उद्या कुणी आपल्या गणपतीचा शेंदूर खरवडून नेला तर चालेल तुला?" त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आई, मला तो दगडच वाटला." त्याच संध्याकाळी विश्वामित्री नदीवर जाऊन, एक डोळा मगरींवर ठेवून, आम्ही ते पापुद्रे सोडले. आणि येत्या रविवारी गावात जाऊन, ज्यांचा तो पूर्वज असेल त्यांना सांगून यायचं, असं मी त्याला बजावलं.

तो गेला. पाळिया परमारांच्या घराण्याचा. घरात गंगाबा नावाच्या आजीबाईंचं राज्य. त्यांनी त्याला अंगणातच उभं करून विचारलं, "कोईना दादानां लूगडां उतारे? भणेलो छे के गांडो?" म्हणजे, कुणाच्या आजोबांची वस्त्रं उतरवतात का, शिकलेला आहेस की वेडा? मग म्हणाल्या, काळी चौदसला आम्ही दादांना शेंदूर चढवतो, त्या दिवशी तुझ्या आईला घेऊन ये. काय करायचं ते तिच्याशी बोलेन.

काळी चौदस म्हणजे आपली नरक चतुर्दशी. पहाटेची आंघोळ, देवपूजा, फराळाचं ताट आटोपून आम्ही मायलेक घोडागाडीनं निघालो. बडोद्यात जन्म गेला माझा, पण गोत्रीला पाय लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा. वाटेत दोन्हीकडे तुरीची शेतं, आणि श्रीकृष्ण प्रत्येक झाडाची ओळख करून देतोय, जणू सगळे त्याच्या वर्गातले. गंगाबा काय बोलतील याची धास्ती नसती तर मला फार मजा आली असती. वेशीवर तो दगड पाहिला आणि जीव कळवळला. चौफेर शेंदराचे डाग, मध्ये उघडा दगड. मी पिशवीतून तेल नि उटणं काढलं आणि कुणाला न विचारता दादांना घासून आंघोळच घालायला लागले. परमारांच्या सुना पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दगडाला उटणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी माझ्या मोडक्या गुजरातीत म्हटलं, आमच्यात आज अभ्यंगाशिवाय कुणालाच ठेवत नाहीत, मग दादांनीच काय घोडं मारलंय? गंगाबा दगडावरच्या घोड्याकडे बघून अशा हसल्या, की त्यांना ठसका लागला.

शेंदूर कालवायला घेतला तशा त्या म्हणाल्या, थांब, झाकण्याआधी पोरानं काय वाचलं ते तरी ऐकू दे. त्यांच्या घरात त्या पूर्वजाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पिढ्यान् पिढ्या नुसते 'दादा'. श्रीकृष्णानं खाली बसून ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "परमार वजेसंग." गंगाबांनी ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मला आपल्याकडचं पितृपक्षातलं तर्पण आठवलं. नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही म्हणतात, आणि हे लोक बिचारे बिननावाचं पाणी घालत आले. पुढच्या ओळीवर श्रीकृष्णाचं बोट थांबलं. "वांच ने, केम अटक्यो?" गंगाबा म्हणाल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मग खाली मान घालून त्यानं पुढची ओळ वाचली. दखणी घोडेस्वारांची धाड आली, त्यांनी गावाच्या गाई वळवून नेल्या, त्या सोडवायला वजेसंग धावले आणि कामी आले.

दखणी म्हणजे आपणच की गं! ह्यांचे खापरपणजोबा फौजेत शिलेदार. त्यांची तलवार आम्ही दसऱ्याला पुजतो, यंदाही तिला झेंडूची माळ मीच घातली होती. आणि त्याच हातांनी तशीच माळ या माणसासाठी गुंफून आणली होती. मला वर बघवेना. मग गंगाबाच म्हणाल्या, "तमारां ज माणस हशे, बेन!" तुमचीच माणसं असतील! आणि तेलाची वाटी माझ्या हातात देऊन पुढे म्हणाल्या, ते घ्यायला आले होते, तू चढवायला आलीस. चल, हात चालव, ऊन तापतंय. आम्ही दोघींनी मिळून दादांना शेंदूर लावला. नाव मात्र गंगाबांनी झाकू दिलं नाही.

घरी नेऊन गूळ-पाणी दिलं. संध्याकाळी चौकात वडे टाकून घरातला कंकास, म्हणजे भांडणतंटा, बाहेर काढायची त्यांची रीत, त्याची डाळ वाटणं चाललं होतं. मी म्हटलं, एक वडा आमच्याही नावाचा टाका, आमच्याकडे मुंबईच्या नोकरीवरून सगळे गप्प आहेत. बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. कारण तोवर कंकास आहे हे मी मनाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

परतताना मी विचारलं, ती ओळ गाळली असतीस तर कुणाला कळणार होतं? तो म्हणाला, "दादांना कळलं असतं." चेष्टेत म्हणाला, पण मला ती चेष्टा वाटली नाही. कुसुम, मी रोज पोथी वाचते. नको असलेलं पानसुद्धा न गाळता वाचावं, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. या मुलाला ते कुणी शिकवलं, मला माहीत नाही.

घरी आल्यावर पाहिलं, कोळशांचा डबा फळीवर होता. आतून-बाहेरून घासून लख्ख केलेला, पालथा. मुंबईला जायचं म्हणून त्यानं तो न बोलता परत केला होता.

आता लिहिते, ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते. गंगाबांच्या नातवाचं लग्न आहे. नवरा-नवरी आधी पाळियाला नमस्कार करतात आणि या वेळी पहिल्यांदा दादांचं नाव घेतलं जाणार आहे. ते श्रीकृष्णानं वाचायचं असा गंगाबांचा हुकूम आहे. तिथी नेमकी पहिल्या तारखेचीच आली. जयवंतरावांनी चार दिवस सवड दिली असती हे मला ठाऊक आहे, पण तिथीचं निमित्त मी पुढे करणार नाही. श्रीकृष्ण येत नाही. त्याला पुरतं शिकू दे, मग कारकून झाला तर होऊ दे. हे थोडे कुरकुरले, मग म्हणाले, "तुझा वडा लागू पडलेला दिसतोय." त्या जागेसाठी दुसरा कुणी गरजू मुलगा बघा आणि जयवंतरावांना सांग, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तू रागावशील, रागाव. पण उन्हाळ्यात माहेरी येशील ना, तेव्हा एक रविवार माझ्यासाठी ठेव. आपण दोघींनी बडोद्यात मॅट्रिकपर्यंतची सगळी पुस्तकं वाचली आणि वेशीबाहेर काय लिहिलंय ते कधी पाहिलंच नाही.

आज सकाळी बंब विझल्यावर मी बोटभर लांबीचे कोळसे निवडले आणि तो डबा भरून पुन्हा त्याच्या सायकलजवळ ठेवला.

तुझीच,
विमल