गार केलेल्या घराची व्यवस्था

मी, भाऊराव तोताराम बैसाणे, वय एकाहत्तर, धर्माने बौद्ध, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, राहणार भेस्तान, सुरत, माझ्या मागे कोणाला काय मिळावे हे स्वखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा बुद्धभूषण याला त्याबद्दल थोडी शंका आहे, कारण निवृत्तीनंतर नवा फ्लॅट घ्यायचे सोडून मी जुन्या घरात पैसे घातले. तरी दाखला खरा धरावा.

माझी पत्नी केशरबाई गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वारली. पुढे लिहिलेले बरेचसे आम्ही दोघांनी बसून ठरवले होते. ती असती तर हे कागद दुप्पट झाले असते.

१. भेस्तानचे राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. ते वडिलार्जित नाही, म्हणून कोणाला द्यायचे हा माझा अधिकार आहे. आमच्या घरांची सगळी ओळ एका बिल्डरला हवी आहे. भूषणचे म्हणणे असे की घर विकावे आणि माझ्या मागे नीलमने त्याच्याकडे सुरतेतल्याच पाल भागातल्या फ्लॅटवर राहावे. "नीलूला हॉलमध्ये दिवाण आहेच की," तो म्हणतो. तो मनाने वाईट नाही. त्या दिवाणावर तो स्वतः कधी झोपलेला नाही, एवढेच.

नीलम माझी मुलगी. खाजगी दवाखान्यात नर्स आहे. सासर सोडून आल्यापासून ती आमच्याजवळ आहे. त्याबद्दल ती बोलत नाही, मीही लिहीत नाही. तिला दुसरे घर नाही. म्हणून हे घर गच्चीसह व सर्व सामानासह मी नीलमला देतो. अट अशी की तिने ते विकू नये, वर मजला चढवू नये आणि जिन्यावरचे झरोके बुजवू नयेत.

२. अटी का घातल्या ते सांगतो. हे घर पूर्वी असे नव्हते. मागची खोली पश्चिमेची, वर उघडा स्लॅब. मे महिन्यात पितळी गुंडातले पाणी घरात ठेवल्या ठेवल्या तापायचे. केशरबाईचे गुडघे गेले तशी ती त्याच खोलीत अडकली. भूषणने प्रेमाने एसी आणून दिला. केशरबाईने खोके उघडू दिले नाही. म्हणाली, घराला ताप आला आहे, त्याला औषध द्यायचे की आपल्यालाच बर्फात बसवायचे?

तिचे औषध माहेरचे होते. खानदेशात धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरावर दरवर्षी पांढरी माती पसरतात, त्याने खाली गारवा राहतो. तिने अमळनेरहून पॅसेंजरने मातीची पोती मागवली. उतरवून घ्यायला मी स्टेशनवर, ओळखीच्या सगळ्या लोकांसमोर. माती स्लॅबवर पसरली. धाब्याला माती धरते, सिमेंटला धरत नाही, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. पाऊस आला आणि सगळी माती पाइपातून शेजारच्या मगनभाईंच्या स्कूटरवर उतरली. ते दारात येऊन म्हणाले, "भाऊरावभाई, तमारुं गाम मारे घेर आवी गयुं!" केशरबाई आतून म्हणाली, "त्यांना म्हणा, पाहुणं आलं आहे, चहा तरी पाजा."

मगनभाईंचे फरशीचे दुकान आहे. स्कूटर धुऊन झाल्यावर त्यांनीच आम्हाला मार्गाला लावले. फुटक्या पांढऱ्या टाइल्स त्यांनी पोत्याने दिल्या, त्या गच्चीभर बसवल्या. ऊन तिथूनच परत जाते. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून वीतभर अंतर सोडून दुसरी जाळीची भिंत घेतली. गरम हवा वर जाऊन बाहेर पडावी म्हणून जिन्यावर झरोके ठेवायचे हे नीलमने शोधून काढले. दारे-खिडक्या जुन्याच, रंधा मारून पुन्हा बसवल्या. पावसाचे पाणी टाकीत घेतले. शेवटी सोलर बसवले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी केशरबाईने मला हाक मारली. मी घाबरून गेलो. ती म्हणाली, "इतलं गार कोनी करस का? माले गोधडी द्या आते." तिला असा एकच उन्हाळा मिळाला. त्या उन्हाळ्यात तिने सगळ्यांकडे तक्रार केली की नवरा थंडीने मारतो आहे. तक्रार करताना ती फार खूश असे.

३. सोलरचे मीटर माझ्या नावावर आहे, ते नीलमने आपल्या नावावर करून घ्यावे. सोलरच्या पाट्या पहाटे गार असताना धुवाव्यात. सकाळी भूषण आला तर त्याच्या हातात फडके द्यावे. "आबा, हे घर आहे का प्रयोगशाळा?" असे तो विचारत असे. प्रयोगशाळेत फडके मारायला लागते.

४. बँकेतील ठेवी व इच्छापोरच्या रस्त्यावरील लहान प्लॉट बुद्धभूषणला. तो तिकडच्याच कारखान्यात सुपरवायझर आहे, प्लॉटकडे जाता-येता लक्ष राहील. शिवाय तो एसी, खोक्यासकट. त्याची भेट आम्ही जपून ठेवली, कोणी हातही लावला नाही.

५. केशरबाईच्या अंगावरचे दागिने सून उज्ज्वला हिला. सासूच्या शेवटच्या महिन्यात ती रोज दुपारी पालहून दोन रिक्षा बदलून येत असे. हे तिने कधी बोलून दाखवले नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

६. ज्या मिस्त्रीने झरोक्यांतून धूळ येईल म्हणून मला न विचारता ते सिमेंटने बंद केले आणि मला पुन्हा फोडून घ्यायला लावले, त्याला मी क्षमा केली आहे. या घरात त्याला पुन्हा काम देऊ नये.

७. माझी ॲल्युमिनियमची शिडी मगनभाईंना. त्यांना साक्षीदार करायचे मनात होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या. मगनभाईंना दोन्हींतले एक निवडायला सांगितले. त्यांनी शिडी निवडली.

८. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावेत. मांडव घालायचा झाल्यास गच्चीवर घालू नये, टाइल्स निखळतील.

९. वरील मजकूर मी गेल्या रविवारी दोन्ही मुलांना व सुनेला समोर बसवून वाचून दाखवला. माझ्या मागे वाद झाला तर मला मध्ये बोलता येणार नाही.

"एसी मलाच?" भूषण म्हणाला.

"तूच आणला होतास."

"वॉरंटी संपली, आबा."

नीलम हसली. मग भूषण म्हणाला, "ठीक आहे. नीलू आहे तोवर राहू दे. पण तिच्यानंतर घर माझ्या मुलांना, एवढं तरी लिहा. आपल्या घराण्याचं घर आहे."

उज्ज्वला म्हणाली, "मुलांना विचारलंय का तुम्ही? त्यांना इथली हवा नको, वायफाय पाहिजे."

मग नीलमने विचारले, "आबा, मला कधी इथून जावंसं वाटलं तर? दुसरीकडे नोकरी लागली, किंवा लग्नच केलं तर? हे झरोके मी कोणाच्या जिवावर सोडू?"

तिच्या आईची खोली विकली जाऊ नये असे मला वाटत होते, हे खरे. मी कलम एक पुन्हा वाचले. नीलमला मी घराच्या राखणीला बसवत होतो. मुलगी एकदा देऊन झाली आहे. आता तिला द्यायचे आहे.

म्हणून कलम एकमधील सर्व अटी मी माझ्या हाताने खोडल्या आहेत व प्रत्येक ठिकाणी सही केली आहे. नीलमने घरात राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. भूषणने सांगितलेली ओळ मी घातलेली नाही. नीलमनंतर हे घर कोणाला, ते नीलम ठरवील.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या समोर सही करतो. तेही माझ्यासमोर सही करीत आहेत.

ठिकाण : सुरत
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : भाऊराव तोताराम बैसाणे

साक्षीदार :
१. दीपक रामदास शिरसाठ, राहणार भेस्तान
२. प्रमिलाबाई यशवंत अहिरे, राहणार उधना