डब्यातल्या चिठ्ठ्या

आप्पा,

गेल्या महिन्यात मायला भेटायला आले तेव्हा शहाद्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या पाय आपोआप तुमच्या केबिनकडे वळले. खिडकीत एक तरुण मुलगा बसला होता, समोर माईक तोच जुन्या पद्धतीचा, मान वाकडी केलेला. तो बोलत होता, पण काय बोलतोय ते दहा पावलांवरही कळत नव्हतं. तुम्ही असतात तर त्याला उठवून स्वतः बसला असतात. ‘शहादा–पुणे, मार्गे दोंडाईचा, धुळे, फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी.’ तुमचं ते ‘घ्यावी’ पार रसवंतीपर्यंत ऐकू जायचं. मी थोडा वेळ तिथे उभी राहिले. आता केस पिकलेली, विद्यापीठात शिकवणारी बाई कंट्रोलरच्या खिडकीसमोर उगाच का उभी आहे, असं त्या मुलाला वाटलं असेल. त्याने विचारलं, ‘मॅडम, कोणती गाडी?’ मी फलाट तीनकडे बोट दाखवलं आणि तिथून निघाले.

शाळा सुटली की मी घरी न जाता त्या केबिनमध्ये येऊन बसायचे, आठवतं? तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझं दप्तर. माईकचं बटण बंद असेपर्यंत तुम्ही आमचे आप्पा असायचात. ‘काय व बेटा, काय लिखी ऱ्हायनी?’ म्हणून वहीत डोकवायचात, चहावाल्याची टिंगल करायचात. बटण दाबलं की कुणीतरी दुसरेच व्हायचात. पाठ ताठ, गळा साफ, आणि पुस्तकातल्यासारखी मराठी. कुठे अडखळणं नाही, कुठे ‘आहे’च्या जागी ‘शे’ नाही. मी तुमच्या ओठांकडे बघून मनातल्या मनात तीच वाक्यं म्हणायचे. शाळेतल्या गुरुजींची मराठीही आपल्यासारखीच होती. वर्गातही ते अर्धं अहिराणीतच रागवायचे. माझी शुद्ध मराठी तुमच्या माईकमधून आली, आप्पा. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

पुण्याला एम.ए.ला गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात वर्गात तोंडातून ‘मला’ऐवजी ‘माले’ निघून गेलं. हसले सगळेच, पण एका मुलीने पुढे आठवडाभर मला ‘माले’ म्हणूनच हाक मारली. विद्यापीठ केवढं मोठं! एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला सायकल लागायची, ग्रंथालयात पुस्तक मागवायचं तर चिठ्ठी भरून तासभर बसायचं, आणि जो तो बोलताना असा बोलायचा की आधी घरी लिहून काढलंय. मी ठरवलं, आता तोंड उघडायचं ते माईकचं बटण दाबूनच. आणि तसंच केलं. दिवाळीपर्यंत मला कुणी हसेनासं झालं. कुणी विचारलं, ‘तुमच्याकडे घरी काय बोलतात?’ तर मी म्हणायचे, ‘मराठीच.’

त्या दिवसांत माझा खरा आधार होता तो शनिवारच्या पुणे गाडीने येणारा डबा. माय दुपारी दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याचं भरीत. तो तीन मजली स्टीलचा डबा, वरच्या झाकणाजवळ भांड्याच्या दुकानात यंत्राने कोरून घेतलेलं तुमचं पूर्ण नाव. तुम्ही तो कंडक्टरच्या हातात द्यायचात, आणि रविवारी सकाळी मी माझं पातेलं घेऊन पुण्याच्या स्टँडवर हजर. तिथेच बाकावर बसून सगळं पातेल्यात काढायचं, नळावर डबा धुवायचा, आणि कंडक्टरकाकांचा चहा होईपर्यंत तो त्यांच्याकडे परत द्यायचा. मायची ताकीद होती, ‘रिकामा डबा धाडानं नही बेटा, काही ना काही टाकत जाय.’ आपल्याकडे कुणाचंच भांडं रिकामं परत जात नाही. होस्टेलवर राहणारी मुलगी काय टाकणार? मी चिठ्ठी टाकायचे. मायला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही ती वाचून दाखवायचात. पहिलं वर्ष असं गेलं. मला वाटतं, आपण तिघं तेव्हा सगळ्यात जास्त बोललो, आणि तेही एका डब्यातून.

मग तो दिवस आला. हे लिहिण्यासाठीच हा कागद घेतला आहे आणि आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहीत बसले.

दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र होतं. त्या दिवशी माझा सेमिनार झाला होता. तास संपल्यावर आमच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘किती स्वच्छ उच्चार आहेत हिचे, ऐकत राहावंसं वाटतं.’ मी नुसती तरंगत होते. विभागाबाहेर वडाखाली आम्ही चौघी-पाच जणी उभ्या होतो, मॅडमही होत्या. आणि तुम्ही समोरून आलात. तुम्हाला पुण्यात दोन दिवसांचं खात्याचं प्रशिक्षण होतं, हे मला माहीत नव्हतं. खाकी गणवेश, खिशाला शिट्टी, रात्रभरच्या प्रवासाने चुरगळलेला शर्ट, हातात डबा. मला बघून तुम्ही थांबलात. मॅडम बोलत होत्या म्हणून दहा पावलांवर उभे राहिलात, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तुमचा चेहरा इतका फुललेला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या ‘माले’वाल्या मुलीने विचारलं, ‘कोण गं ते? तुझ्याकडेच बघतायत.’

आणि मी म्हणाले, ‘आमच्या गावचे आहेत. एसटीत असतात. घरून डबा दिला असेल.’

हळू नाही म्हणाले. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या स्वच्छ उच्चारात म्हणाले.

तुम्ही पुढे आलात. मला वाटलं, आता ‘बेटा’ म्हणाल आणि सगळं संपेल. त्या क्षणी माझा जीव तुमच्या एका शब्दात अडकला होता. तुम्ही पाठ ताठ केलीत, गळा साफ केलात, आणि माईकवरच्या आवाजात म्हणालात, ‘ताई, आपल्या घरून डबा आलेला आहे. कृपया ताब्यात घ्यावा.’ मी घेतला. नाव कोरलेली बाजू तुम्ही आधीच माझ्याकडे फिरवून ठेवली होती, बाकीच्यांना आडनाव दिसू नये म्हणून. मॅडमना तुम्ही नमस्कार केलात आणि गेलात. मागे वळून बघितलं नाहीत. मॅडम म्हणाल्या, ‘किती सज्जन माणूस. आणि भाषा बघा.’

आप्पा, मी तुमच्यामागे धावले नाही. पुढच्या तासाला जाऊन बसले, नोट्ससुद्धा काढल्या.

त्यानंतर मला स्टँडवर जाववेना. कंडक्टरकाका तुमचे जिवाभावाचे, त्यांच्या हातून तो डबा कोणत्या तोंडाने घ्यायचा? तुम्ही दिलेला डबा मी त्यांच्या गाडीवर पोहोचवायला म्हणून एका मुलीला पाठवलं, तोही चिठ्ठीशिवाय. रविवार आला की मी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जाऊन बसायचे. मनाशी म्हणायचे, काका खाऊन टाकतील, नाहीतर कुणाला तरी देतील. बुधवारी मी एसटीडीच्या खोक्यातून तुमच्या केबिनला फोन लावायचे. तुम्ही विचारायचात, ‘डबा भेटना का बेटा?’ मी सरळ होकार द्यायचे, ‘भेटना.’ ‘दशम्या नरम व्हत्यात ना?’ ‘हो, नरम व्हत्यात.’ मग तुम्ही म्हणायचात, ‘बरं. अभ्यास कर.’ दर बुधवारी हेच. मला वाटायचं, मी किती हुशार, आप्पांना काही कळत नाही. उन्हाळ्यात परीक्षा संपली की घरी जायचं, तुम्ही केबिनमध्ये एकटे असाल तेव्हा समोर बसायचं आणि एकदाचं बोलून टाकायचं, हे मी पक्कं केलं होतं. वाक्यंही ठरवली होती. मार्चमध्ये तुम्ही ड्युटीवरून घरी आलात, छातीत दुखतंय म्हणून आडवे झालात, आणि उठला नाहीत. माझी वाक्यं तशीच राहिली.

तुमच्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, कंडक्टरकाका आले होते. पंगत उठल्यावर मला ओट्यावर बोलावून म्हणाले, ‘तू डबा लेवाले येत नव्हती ना, मी तो भरेलना भरेल परत लई येऊ. आप्पा म्हनेत, पोरना अभ्यास शे, तिले येळ नही. घर कोनले सांगू नको. आनि तठेच टेबलवर बशीसन खायेत. तिसरा दिनन्या दशम्या. पुरा डबा खाई, धुई, मंग घर लई जायेत.’ काका मला दोष देत नव्हते. त्यांना वाटत होतं, बापाचं प्रेम सांगतोय. म्हणजे सोमवारी सकाळी माझा न उघडलेला डबा तुमच्या पुढ्यात होता, आणि बुधवारी त्याच टेबलावरून तुम्ही विचारत होतात, डबा भेटला का. माझ्या खोट्याची चव तेव्हा अजून तुमच्या तोंडात असेल. मी ओट्यावरून उठले ते परसात जाऊन बसले. तिथे मला कुणी शोधायला आलं नाही, ते बरं झालं.

त्याच आठवड्यात मायने बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. ‘तुन्ह्या चिठ्ठ्या शेत ह्या. समद्या ठेवेल शेत.’ वरच्या चिठ्ठ्या उघडल्या तर अक्षर माझं नव्हतं. स्टँडवरच्या गाड्यांच्या तक्त्याचे पाठकोरे कागद, आणि त्यांवर तुमचं मोठं, गोल, टपोरं अक्षर. रिकामा डबा घरी न्यायचा नाही म्हणून तुम्ही माझ्या नावाने चिठ्ठ्या लिहीत होतात. लिहून खिशात न घालता डब्यात घालत होतात, आणि घरी जाऊन मायसमोर डबा उघडून मोठ्याने वाचत होतात. माय म्हणाली, ‘पहिलं तुन्हं अक्षर बारीक व्हतं, मंग मोठं व्हयनं. मी आप्पासले इचारं, ते म्हनेत, तिले चष्मा लागना.’ मी डबा बंद केला आणि म्हणाले, ‘नंतर वाचसू.’ ते ‘नंतर’ वीस वर्षांहून जास्त लांबलं. मधल्या काळात मी पीएच.डी. झाले, त्याच विभागात शिकवू लागले, अहिराणीवर दोन निबंध वाचले आणि टाळ्या घेतल्या. तो पत्र्याचा डबा मात्र उघडला नाही. मायनेही कधी आग्रह केला नाही.

या खेपेला केला. मोतीबिंदू काढल्यापासून ती दिवसभर खाटेवर बसून असते. म्हणाली, ‘आते तरी वाची दखाड. मी आखो कितला दिन शे?’ मग मी तिच्या पायथ्याशी बसले आणि वाचायला लागले.

काय लिहायचात तुम्ही! ‘माझी प्रकृती सुरळीत असून अभ्यास वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे.’ कोणती मुलगी आईला असं लिहिते? ‘चटणी यावेळी किंचित तिखट झाली होती, तरी नोंद घ्यावी.’ मला तिखट चालतं आप्पा, तुम्हाला सोसत नव्हतं. मायने त्यानंतर मिरची कमी केली होती; आता म्हणाली, पुण्यात राहून तुझी जीभ नाजूक झाली असं मला वाटलं. आम्ही दोघी हसलो. मी हसता हसता पुढची चिठ्ठी उलगडली. तारीख नव्हती, पण पहिल्या ओळीतच कळलं की ही कधीची.

‘माय, काल आप्पा मला भेटायला विद्यापीठात आले होते. त्यांना दुरून बघताच मी धावत गेले. माझ्या मैत्रिणी होत्या, आमच्या बाई होत्या. मी सगळ्यांशी त्यांची ओळख करून दिली.’

इथे मी कागद मांडीवर ठेवला. माय म्हणाली, ‘वाच ना व. हाई मन्ही सगळास्मा आवडती चिठ्ठी शे. आप्पा हाई मन्हाकरता दोनदाव वाचेत.’ तिने डोळे मिटले होते. मी गळा साफ केला आणि पुढची ओळ वाचली. ‘मी त्यांना म्हणाले, हे माझे वडील.’

मायला मी खरं सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुम्हाला मात्र एवढं सांगते. ते वाक्य तुम्ही असताना माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. पहिल्यांदा निघालं ते त्या दिवशी, तुमच्या अक्षरातून वाचून.