जर्मनीहून आणलेला निरोप

नाही हो बाई, अजूनही माझा जर्मन 'र' घशातून येत नाही. येतो तो थेट मांजरी गावच्या उसातून येतो. इतकी वर्षं जर्मन कारखानदारांना सल्ले देऊन पोट भरलं, पण तोंड उघडलं की त्यांना कळायचंच, ही परमुलखातली. परवा ऑफिसात माझा निरोप समारंभ झाला, खराडीत, तिसऱ्या मजल्यावर. तिकडचा एक साहेब स्क्रीनवरून म्हणाला, "तुमचं जर्मन ऐकलं की जुन्या काळातल्या मास्तरीणबाई आठवतात." मी म्हटलं, "मास्तरीणबाई जुन्याच होत्या, आणि खडूस होत्या." तुम्ही असतात तर चष्म्याच्या वरून बघितलं असतंत. तसं बघावं म्हणूनच तर मी तसं बोलायचे.

तुमच्या दारात पहिल्यांदा आले तेव्हा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. हडपसरच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये मी टायपिस्ट होते. जर्मनीहून मशीन यायचं होतं आणि साहेबांना त्याचे कागद वाचणारं माणूस हवं होतं. सासरी मांजरीत राहत होते, तिथून दोन बस बदलून कर्वेनगर गाठलं. तुम्ही विचारलंत, "शिक्षण?" मी म्हटलं, "गावच्या शाळेत दहावी, मग बाहेरून बी.कॉम." "जर्मन कशाला शिकायचंय?" "मराठीत माझं कुणी ऐकत नाही म्हणून." तुम्ही हसला नाहीत. "चपला बाहेर काढायच्या. विनोदही." पण घेतलंत आत. आणि बसवलंत ते स्वयंपाकघरात. तुम्ही कुकर लावताय, मी टेबलाशी बसून एकेका वस्तूचं नाव जर्मनमध्ये सांगतेय, चुकलं की तुम्ही न बोलता एक बटाटा पुढ्यात सरकवताय सोलायला. पहिल्या वर्षी मी जर्मन कमी शिकले आणि बटाटे जास्त सोलले. एकट्या बाईला एवढी भाजी लागते कशाला, असं मी एकदा विचारलंही. तेव्हा कळलं की मुलगा तिकडे जर्मनीत असतो, आणि सवयीने तुम्ही अजून दोघांचं करता.

मग सॉफ्टवेअरचे दिवस आले. एका कंपनीने मला दुभाषी म्हणून घेतलं. आमची पोरं इंग्रजी-मराठीत बोलणार, फोनवर जर्मन माणसं जर्मनमध्ये, मध्ये मी. मला वाटलं, हे काम तर मी लग्नापासून करतेय. आमच्या घरी सासू-सासरे एका म्हशीच्या विक्रीवरून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आत्याबाई चुलीपुढून म्हणायच्या, "म्हाताऱ्याला सांग, गिळायचं आसंल तर ये म्हनावं." मी ओसरीवर जाऊन सांगायचे, "मामंजी, आत्याबाई जेवायला थांबल्यात तुमच्यासाठी." ते म्हणायचे, "तिला सांग, तुझ्या हातचं जेवन्यापरीस उपास बरा हाय." मी आत येऊन सांगायचे, "आलेच म्हणाले." घर चाललं होतं त्याच्यावर. ऑफिसातही मी तेच केलं. जर्मन माणूस म्हणाला, सॉफ्टवेअरमधला गोदामाचा सगळा भाग टाकाऊ आहे, पहिल्यापासून करा. मी आमच्या पोरांना सांगितलं, थोड्या सुधारणा सुचवल्यात, बाकी आवडलंय. आमचे मॅनेजर म्हणाले, पंधरा दिवसांत अवघड आहे. मी तिकडे सांगितलं, पंधरा दिवसांत देतो. पंधरा दिवसांनी जे झालं ते झालं. जर्मनांनी काम थांबवलं आणि मॅनेजरने मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुम्ही ट्रान्सलेशन करत होतात का लग्न जमवत होतात?"

मी रडत तुमच्याकडे आले. तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाहीत. "तू तिथे सून नाहीस. माणूस जेवढं कडू बोलला तेवढं कडू पोचवायचं. बोलणं त्याचं आहे, तुझं नाही." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जर्मन गिऱ्हाईक झालात. खुर्चीत ताठ बसून मला झापायचात आणि मी तोंडावर 'नाइन', म्हणजे नाही, म्हणायचं, कारण द्यायचं, नजर हलवायची नाही. मी 'नाइन' म्हणून लगेच "सॉरी हं बाई" म्हणायचे. "सॉरीचा एक बटाटा."

त्यातूनच मला हाव सुटली. दुसऱ्याचं बोलणं किती दिवस वाहायचं? स्टोअर्समध्ये माल कुठे अडतो ते मला त्या पोरांपेक्षा जास्त कळत होतं. कंपनीत कन्सल्टंटची एक जागा निघाली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन, तुमचं इथे चुकतंय, असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मॅनेजर म्हणाले, "तिकडचाच माणूस घेतील बहुतेक. पण द्या इंटरव्ह्यू, आपलं काय जातंय?" माझं काय जात होतं ते तुम्हाला माहीत होतं. सासरी दिरांच्या ताटाखाली राहायचं का स्वतःचं दार उघडायचं, एवढं सगळं त्या जागेवर होतं.

इंटरव्ह्यूच्या आधी तीन आठवडे टीमबरोबर जर्मनीला जायचं निघालं, दुभाषी म्हणूनच. तुम्ही मुलासाठी मेतकूट आणि भाजणी दिलीत, तीन तीन पिशव्यांत बांधून. तुमचा मुलगा मला स्टेशनवरच्या हॉटेलात भेटला. मी मराठीत विचारत होते आणि तो जर्मनमध्ये उत्तरं देत होता. म्हणाला, "आईला सांगा, मी येणार नाही. यंदाही नाही आणि पुढेही नाही. आणि पार्सलं पाठवू नको म्हणावं. तुम्ही दुभाषी आहात ना? मग आहे तसं सांगा." पिशव्या टेबलावरच ठेवून गेला. मेतकूट आमच्या पोरांनी भातावर खाल्लं, चाटूनपुसून.

मी परत आले तो शुक्रवार. तुम्ही इस्त्रीची साडी नेसून दारातच उभ्या. "काय म्हणाला?"

"दिवाळीला येतो म्हणाला."

तुम्ही खाली बसलात, उंबऱ्यावरच. मग हळूच, "मेतकूट?" "तिथेच पिशवी फोडून चाटत बसला." तुम्ही हसलात. इतक्या वर्षांत तुमचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, बाई.

सोमवारी मला ती जागा मिळाली. जर्मन साहेबाने विचारलं, "गिऱ्हाइकाचा गोदामप्रमुख तीस वर्षं तिथे आहे. तो चुकतोय असं तुम्ही त्याला सांगाल?" मी म्हटलं, "हो. आधी त्याची कॉफी पिऊन, मग." पेढे घेऊन आले तर तुम्ही मुलाच्या खोलीला रंग काढला होतात, गादी पिंजायला टाकली होतीत. आता फोनवर त्याला विचाराल अशी भीती वाटली, तर तुम्हीच म्हणालात, "लहानपणापासून त्याला विचारलं की फिरतो. मी नाही विचारणार." दिवाळीत चकल्या केल्यात. पाडव्याला गॅलरीत खुर्ची टाकून बसलात. भाऊबीजेला स्वतःच म्हणालात, "रजा मिळाली नसेल." मी म्हटलं, "हो ना, तिकडे रजेचं फार कडक असतं." ज्या देशात माणसं महिना महिना सुट्टीवर जातात, त्या देशाबद्दल मी हे तुम्हाला सांगत होते. तिथल्या सुट्ट्या तुम्हीच मला शिकवल्या होत्यात. चकलीचा डबा तेवढा माझ्याकडे सरकवलात.

मार्गशीर्षात तुम्ही गेलात. झोपेतच, त्या रंगवलेल्या खोलीत. तो आला नाही. पण मला फोन केला त्याने, आणि या वेळी मराठीत बोलला. "तिला सांगितलं होतंत ना? मी येणार नाही ते?" मी म्हटलं, हो, सांगितलं होतं. तो म्हणाला, बरं झालं.

हे पत्र टाकायचं कुठे? कर्वेनगरच्या तुमच्या जागेवर आता जिम आहे. तिथली तगडी पोरं वाचतील आणि हसतील. राहू दे माझ्याकडेच.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमची दया आली म्हणून खोटं बोलले. आत्याबाई-मामंजींची सवय, जीभच तशी वळलेली, काय करणार. खोटं आहे तेही, बाई. दया वगैरे काही नव्हती. सोमवारी माझा इंटरव्ह्यू होता. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रडत बसला असतात, आणि मग शनिवार-रविवार माझी तयारी कुणी करून घेतली असती? तुम्ही दारात विचारलंत तेव्हा माझ्या डोक्यात तेवढंच होतं.