गोलातली जागा

नारायणगाव,
मंगळवार, ९ मार्च २००४

प्रिय वृषे,

तुला, तुझ्या अहोंना आणि सासूबाईंना नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. द्राक्षांचा सीझन जोरात आहे, तू गेल्यापासून आपल्या पॅकहाउसमध्ये दोन टेबलं वाढली. आईनं तुझ्यासाठी कुरडया करून ठेवल्यात. तुझ्या लग्नाला मला ताप होता म्हणून आले नाही, हे तुला कळलं असेलच.

ओतूर मानवलं का? लाजू नकोस, सगळं लिही.

आपला हॉलंडचा साहेब अजून तसाच. कुणावर ओरडत नाही, पाच वाजले की घरी जा म्हणतो. माणूस वाईट नाही गं. जानेवारीत माझा फोटो भिंतीवर लावला, 'महिन्यातली सर्वांत चांगली कामगार' म्हणून, तोही चांगल्याच मनानं. त्यांच्याकडे म्हणे यानं बाकीच्यांना हुरूप येतो. त्यानं टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि तुम्ही हातमोज्यांसकट वाजवल्या. आवाजच आला नाही. पण खरं सांगू? मला फार आनंद झाला होता. माझा फोटो कुणी कधी भिंतीवर लावला होता?

त्याच दुपारी जेवायला गोल करून बसलो. मी डबा मध्ये सरकवला तर कोंडाबाई म्हणाली, "आमी आपल्या साध्या बाया. फोटोवाल्यांना आमची भाजी न्हाई चालायची." सगळ्या हसल्या. चेष्टा समजून मीही हसले. दुसऱ्या दिवशी गोलात जागाच नव्हती.

आता मी शेडमागे क्रेटवर बसून जेवते. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगायलाही कुणी नाही. साहेबही एकटाच जेवतो, ब्रेड खात पुस्तक वाचतो आणि मजेत असतो. मला तिथं बघून त्याला बरंच वाटलं. "हर्षाली, हॅपी?" म्हणाला. मी म्हटलं, "येस सर." काय समजावणार त्याला?

शेवटी फोटो काढा म्हणून मीच सांगितलं. त्याचं तोंड उतरलं, पण काढला. तरी मला कुणी बोलावलं नाही. उलट कोंडाबाई म्हणाली, "आता लई साधी झाली!"

ताप नव्हता मला, वृषे. तुझ्या लग्नाची जीप भरत होती तेव्हा मी नवी साडी नेसून चौकात उभी होते. "जागा न्हाई," आपल्या पॅकहाउसच्या बाया म्हणाल्या. आपल्याकडे जीपमध्ये जागा नाही असं कधी होतं का गं? घरी जाऊन साडी सोडली आणि खूप रडले.

पण त्यांचं एवढं नाही. कोंडाबाई बोलली तेव्हा तू तिच्या शेजारी होतीस. मान खाली घालून भाकरी मोडत राहिलीस. तुझं फार लागलं.

साहेब आता सुपरवायझर हो म्हणतोय. सोमवारी उत्तर द्यायचंय. पगार वाढेल, काचेच्या खोलीत बसायला मिळेल, डबाही तिथंच खायचा. तिथं गेले की बायांकडे परतायचं नाही, हे मला कळतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं ओतूरला येतेय. घरी येत नाही, सासूबाईंना उगाच प्रश्न पडतील. स्टँडवर बसेन. दोघींपुरती पिठलं-भाकरी आणेन. तू आलीस तर आधी जेवू, भांडण मग करू, आणि सोमवारी साहेबाला नाही म्हणायचं बळ मला येईल. दुपारच्या गाडीपर्यंत आली नाहीस, तर एकटीच जेवीन आणि त्याला हो सांगेन.

तुझीच, अजून तरी,
हर्षाली