पहिला फोन कोणाला

३ ऑगस्ट, सकाळ
धाकट्या भावाची, सुगतची मुलगी प्रतिक्षा नागपूरला स्टॅटिस्टिक्स शिकते. प्रोजेक्टसाठी अख्ख्या खानदानाला मोबाइलवर एकच प्रश्न: अडचण आली तर पहिला फोन कोणाला? उत्तरं निनावी. यात विचारायचं काय? आसगावहून एका पिशवीवर येऊन भंडाऱ्यात हार्डवेअरचं दुकान टाकणारा घराण्यात एकच. माझंच नाव भरलं. खोटं कशाला लिहा.

९ ऑगस्ट
प्रतिक्षाच्या लॅपटॉपवर ओळ दिसली: आनंदराव, पार्वता, रीना, सुगत. मी पहिला! मग बायको, सून, शेवटी सुगत. दुकानात पेढे वाटले. पोरगी म्हणत होती, मोठेबाबा, ह्या नुसत्या लेव्हल्स आहेत, म्हणजे उत्तरांत आलेली नावं, सॉफ्टवेअर अक्षरांप्रमाणे लावते, मोजणी व्हायची आहे. लहान आहे अजून.

१० ऑगस्ट
संकल्प: फोन चोवीस तास चालू. सुगतला समजावणे, मनाला लावून घेऊ नको. लोक उगाच नाही विश्वास टाकत. कान तिखट आहेत माझे. भाचा अतुलची सोयरीक मोडल्याचं भिंतीपलीकडून ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पाच जणांचे सल्ले जमवून दिले. अतुल तेव्हापासून बोलत नाही. लाजतो.

१४ ऑगस्ट
आज प्रतिक्षानं मतांप्रमाणे उतरता क्रम लावला. पार्वता, सुगत, रीना, मग मी. म्हटलं, बाई, उलटं झालं. तिनं उलटूनही दाखवलं. मी वर आलो. त्याच यादीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पार्वताला आलेला फोन तसाही माझाच. घर एकच.

१५ ऑगस्ट, दुपार
झेंडावंदन करून आल्यावर फोटो नीट पाहिला. माझ्या नावापुढे एक मत. ते तर माझंच. म्हणजे पार्वतानं?
जेवताना सहज विचारलं. सुगतभाऊचं नाव लिहिलं, म्हणाली. काहून, म्हटलं. भात वाढता वाढता सांगितलं. छातीत गाठ आहे. माहेरी जाते म्हणून दोनदा गेली ती नागपूरच्या दवाखान्यात, सुगतसोबत. मले काहून नाही सांगितलं?
"तुमाले सांगतलं असतं, तं रिपोर्टाच्या आधी टपरीवर निकाल लागला असता."
भात तसाच राहिला.

१८ ऑगस्ट
आज रिपोर्ट. सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिलो. येऊ का, विचारलं.
पार्वता चप्पल घालत म्हणाली, "सुगतभाऊले विचारा."
विचारलं. सुगत खाली पाहत म्हणाला, पुढच्या टाइमले, दादा.