टेकडीवरचे सहा डबे

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दरीतलं आरोग्य केंद्र बंद होणार! साहेबांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं. ‘आठ महिन्यांत वायरलेसवर एक कॉल नाही. मग केंद्र ठेवायचं कशाला? तीस तारखेला समिती बसतेय. तुमचं एक पत्र लागेल, यंत्रणा ठीक आहे म्हणून.’

यंत्रणा म्हणजे टेकडीवरचं रिपीटर. लांबचा बारीक आवाज ते ऐकतं आणि मोठ्याने पुन्हा सांगतं, मग तो रुग्णवाहिकेच्या कंट्रोलला पोचतो. एकवीस वर्षं त्याची देखभाल माझ्याकडे. पत्र पाच मिनिटांत लिहून झालं असतं. का कोण जाणे, उद्या देते म्हणाले.

कॉल येत नाही असं नाही. येतो, पण तुटका. एक अक्षर, मग टक-टक-टक, मग काही नाही. कंट्रोलमधल्या पोरांनी तिथल्या सिस्टरचं नाव ‘उचकी’ ठेवलंय. ‘लागली बघा उचकी! कोण आठवण काढतंय बाईंची?’ सगळे हसतात. मीही हसते.

४ ऑक्टोबर

सुट्टी. खाली दादाकडे पाहुणे. वहिनीने ताट झाकून जिन्यावर ठेवलं – ‘वन्सं, ताट ठेवलंय हो!’ वर आली नाही. त्यांचं सगळं बोलणं वर येतं, कोण कुणाला चिडवतंय तेसुद्धा कळतं. माझं खाली जातं का, माहीत नाही. जाण्यासारखं मी बोलते तरी काय!

६ ऑक्टोबर, सोमवार

पत्र दिलं नाही. जुनं रजिस्टर काढलं. सिस्टरचा शेवटचा पूर्ण कॉल १७ फेब्रुवारीचा. टेकडीवरचे डबे दुरुस्त करून मी परत बसवले १८ फेब्रुवारीला.

योगायोग असेल.

७ ऑक्टोबर

नसावा. फेब्रुवारीपासून बाजाराच्या गावातून फोनवर येणारे कॉल दुप्पट झालेत. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, दरीत मोबाइलला रेंज कुठाय? बाजारात आल्यावरच फोन लागतो. पेशंट उचलून तिथवर आणतात लोक.’ किती वेळ लागतो? ‘दोन तास. चालणारा धट्टाकट्टा असेल तर.’

हे त्याला माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं. मी तरी कुठे विचारलं?

९ ऑक्टोबर, गुरुवार

टेकडीवर गेले. पत्र लिहिण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून.

वर अँटेना एकच. तिच्यातूनच ट्रान्समीटर बोलतो, तिच्यातूनच रिसीव्हर ऐकतो, आणि तेही एकाच वेळी. हे साधतं सहा डब्यांमुळे. मांडीएवढे जाड, गुडघ्याच्या वर येणारे, आतून चांदीचा मुलामा दिलेले. डुप्लेक्सर म्हणतात त्याला. तीन डबे ट्रान्समीटरच्या बाजूला, तीन रिसीव्हरच्या. प्रत्येकात वरून एक दांडी सोडलेली असते. ती केसभर खालीवर करत डबा लावायचा, वाद्य सुरात लावतात तसा. बोलण्याची फ्रिक्वेन्सी आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी यांत थोडा फरक ठेवलेला असतो, त्या फरकावर सगळा खेळ. रिसीव्हरकडचे डबे बाहेरचा आवाज आत सोडतात आणि आपल्याच ट्रान्समीटरची आरोळी दारातच अडवतात. ती अडली नाही तर कानाशी भोंगा वाजत असताना कुजबुज ऐकण्यासारखं होईल.

दरीतून येईल तेवढाच क्षीण सिग्नल यंत्राने सोडला. ट्रान्समीटर बंद ठेवला तर स्वच्छ ऐकू आला. चालू केला – गेला! बंद केला, पुन्हा स्वच्छ. सात वेळा करून बघितलं. आठव्यांदा वेगळं काही होणार नव्हतं.

म्हणजे असं. सिस्टर बोलते. रिसीव्हर ऐकतो आणि ट्रान्समीटरला उठवतो. तो उठला की रिसीव्हर बहिरा. ऐकू येईनासं झालं की ट्रान्समीटर गप्प. तो गप्प झाला की पुन्हा ऐकू येतं. टक-टक-टक.

उचकी तिची नव्हतीच. आमची होती.

पाचव्या डब्याची दांडी बोटाने हलली. वरचा नट नुसता टेकवलेला, आवळलेला नाही. आठ महिने हलून हलून दांडीचे आटे झिजलेत.

१० ऑक्टोबर

१८ फेब्रुवारीला ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत होता. मी घाईने उतरले. टेकडीच्या पायथ्याशी उभी राहून हातातल्या सेटवरून हॅलो म्हणाले. कंट्रोल म्हणालं, ‘एकदम मस्त, मॅडम!’ सही केली.

पायथ्याशी उभं राहिलं की सगळं मस्तच येणार. माझा आवाज इतका जवळचा की बहिऱ्यालाही ऐकू जाईल. शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी हेच सांगते – जवळून तपासू नका, लांबच्या माणसाच्या जागी उभं राहून तपासा.

१३ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांना सांगितलं. पेपरवेट फिरवत म्हणाले, ‘दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला ओढवून घेताय?’ मी म्हणाले, चूक माझी आहे. ‘असू दे हो! पण समिती विचारेल, तो नट घट्ट असता तर बाईंनी कॉल केलेच असते कशावरून? पुरावा काय?’

पुरावा काही नाही. आमच्या रजिस्टरात जे ऐकू आलं तेवढंच लिहिलेलं असतं.

नवी दांडी टर्नरकडून करून यायला तीन आठवडे. कंट्रोलमध्ये जाऊन पोरांना सांगितलं – तोवर उचकी आली की काही विचारायचं नाही, सरळ गाडी पाठवायची. कुणी हसलं नाही. एक जण ‘रिकामी परत आली तर?’ म्हणाला. परत येऊ दे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दरीत जाऊन आले. गाडी पुलापर्यंत जाते, पुढे पायी. गुडघा बोलत होता, त्याला बोलू दिलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. सिस्टर पन्नाशीच्या आतली, बुटकी, हात सतत कामात. मी कोण ते सांगितलं. ‘आवाज ओळखला की!’ म्हणाली. ‘मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल.’

तिचा सेट तपासला. ठणठणीत. मग नट, दांडी, डबे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती. ‘म्हणजे मला बटण दाबता येतं,’ एवढंच म्हणाली.

मग कपाटातून वही काढली. प्रत्येक कॉल लिहिलेला – तारीख, वेळ, पेशंट, ‘उत्तर नाही’. एकसष्ट कॉल! पुरावा पुरावा म्हणत होते तो समोर. पण प्रत्येक नोंदीखाली आणखी एक ओळ होती. आमच्याकडून तिला जे ऐकू आलं ते.

आमचा ट्रान्समीटर खणखणीत. आमचं सगळं दरीत पोचत होतं. पहिल्यापासून. उचकीचे विनोद, हसणं, सगळं. मी रेडिओवाली बाई, नऊ तारखेपासून त्या डब्यांचा विचार करतेय, आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही!

४ एप्रिलची नोंद. मुलगी, वय सहा, ताप, झटके. उत्तर नाही. खाली – ‘टेकडीवरच्या बाई: आधी बटण दाबायला शिका, मग बोला.’ त्याखाली – ‘खांद्यावरून बाजारापर्यंत नेली. वाचली.’

मी बोलले होते. आठवत नव्हतं, वाचल्यावर आठवलं. हवाही आठवली त्या दिवसाची.

‘वही समितीला हवी असेल ना?’

हवी, म्हणाले.

‘ते पान काढून देऊ?’

नको म्हणायला मला जरा वेळ लागला. तिने तो वेळ बघितला. वही कागदात गुंडाळून दिली, चहा दिला, पुलापर्यंत सोडायला आली. उतार कुठे निसरडा आहे ते सांगत होती. मी ‘हो, हो’ म्हणत होते. माफी मागायची राहिली.

राहिली काय – मागितली नाही.

२० ऑक्टोबर

ठरवलं. जिथे बोलले तिथेच मागायची. वायरलेसवर, सगळ्यांच्या कानांदेखत. डबे दुरुस्त झाले की तिचा पहिला पूर्ण कॉल येईल, तेव्हा. चार वाक्यं लिहून काढली. दोन खोडली.

२४ ऑक्टोबर

आज सकाळी टक-टक. पोरांनी विचारलं नाही, गाडी पाठवली. बाळंतीण होती. दोघं सुखरूप.

वाक्यं मोठ्याने म्हणून बघते. खालून वहिनी – ‘वन्सं, फोन आलाय का कुणाचा?’ नाही गं. ‘मग ठीक!’

३० ऑक्टोबर, गुरुवार

समिती. वही हातोहात फिरली. एका सभासदाने ४ एप्रिलचं पान मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, ‘या टेकडीवरच्या बाई कोण?’

मी, म्हणाले.

मग साहेब खाकरले आणि पुढचा विषय आला.

केंद्र राहणार! मला लेखी ताकीद. जिन्यात साहेब म्हणाले, ‘स्वस्तात सुटलात.’ घरी येऊन कुणाला सांगावं म्हणून जिन्यात थांबले. खाली टीव्ही चालू होता. वर आले.

१ नोव्हेंबर, शनिवार

दांडी आली. बसवली. नट आवळला, पुन्हा आवळला. सहाही डबे लावायला चार तास. ड्रायव्हर आज खाली झोपला होता, हॉर्न नाही. क्षीण सिग्नल सोडून ट्रान्समीटर चालू केला – तसाच स्वच्छ! बंद, चालू, बंद, चालू. काही फरक नाही. वर मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अकराला दरीतून कॉल आला. एकही अक्षर तुटलं नाही. मी पोरांना गप्प केलं, बटण दाबलं आणि पाठ केलेलं सगळं बोलले. पूर्ण.

बटण सोडलं. पलीकडून अगदी स्पष्ट – ‘मॅडम, मी नवीन आहे, आजच रुजू झाले. आधीच्या सिस्टर परवा गेल्या. त्यांनी एप्रिलमध्येच बदली मागितली होती.’