चपला काढण्याआधीचा लसूण

ता. ९ मार्च

चि. छोटू,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू ऐकायचं सोडून देतोस, म्हणून लिहायला बसले.

ग्रंथालयात दर शनिवारी मी मोठ्या माणसांचा वर्ग घेते, ठाऊक आहे ना? इंटरनेटवरच्या माहितीवर विश्वास कधी ठेवायचा, एवढाच विषय. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, त्यात त्याचा काय फायदा, आणखी कोणी तेच म्हणतंय का, हे बघायला शिकवते. एक निवृत्त पोस्टमन पुढे बसून प्रत्येक गोष्टीवर शंका काढतात, माझ्यावरसुद्धा. वर्ग छान चाललाय. दिव्याखालचा अंधार मात्र आपल्याच घरात निघाला.

आई रुग्णालयात आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. मंगळवारी सकाळी तिच्या हातून चहाचा कप गळून पडला आणि उजवा हात पुन्हा वर आलाच नाही. जीभही जड झालीय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्तदाबाच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" मी म्हटलं, "बंद कशाला असतील?" घरी जाऊन बघते तर डब्यात सगळ्या गोळ्या जशाच्या तशा.

आईला विचारलं. म्हणाली, "वेबसाइटवरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, लसूण पुरतो."

मी ती वेबसाइट उघडली. पांढरा कोट, चष्मा, दांडगा अनुभव. डॉक्टरांचं नाव कुठल्याही नोंदणीत सापडेना. आणखी तीन ठिकाणी तोच सल्ला, शब्दही तेच. म्हणजे एकच माणूस चार तोंडांनी बोलत होता. इथपर्यंत मी नुसती चिडले होते. मग पुढची ओळ वाचली. बाहेरून आल्यावर पायातल्या चपला काढण्याआधी लसणाची पाकळी चावून खावी, कारण तेव्हा पायांतलं रक्त वेगाने फिरत असतं.

छोटू, हे जगात फक्त आपल्या घरात चालायचं. चपला काढल्या की आपण दोघं धूम ठोकायचो, म्हणून आई दारातच गाठून पाकळी तोंडात कोंबायची. एवढंच त्यातलं शास्त्र. आपल्या तिघांशिवाय हे कोणाला ठाऊक आहे?

आरोग्यावरचा मजकूर लिहायचं काम मिळालंय, असं तू सांगितलंस तेव्हा शेजारीपाजारी कौतुक करत मीच फिरले होते. तू मुद्दाम केलं नाहीस, हे कळतं मला. पान भरायला काही सुचेना, तेव्हा आई आठवली असेल. आणि नेमकं ते पान आईनेच वाचलं. म्हणते, "मी जन्मभर हेच सांगत आले, आता एवढा मोठा डॉक्टरपण तेच म्हणतोय." तिचंच बोलणं तू कोट चढवून तिच्याकडे परत पाठवलंस. मला अजून खरं वाटत नाही. ती ओळ मी पुन्हा पुन्हा उघडून बघते.

आता ऐक. ती इथल्या गोळ्या घेत नाही, ओठ घट्ट मिटून घेते. पुन्हा झटका आला तर काही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईचा एकच हट्ट, "त्या डॉक्टरांना विचार, मग घेईन." काल तिने माझ्याकडून त्यांना संदेश लिहून घेतला. तो तुझ्याकडेच आला असेल.

त्याला उत्तर देऊ नकोस. त्या नावाने 'गोळ्या घ्या' असं लिहिलंस तर ती घेईलही. मोह मलाही झाला. पण उद्या त्याच नावाने कोणी काहीही लिहील आणि ती तेही मानेल. मिळेल ती गाडी पकड. तिच्या खाटेशी बस आणि तुझ्या तोंडाने सांग.

ते पान तूच लिहिलंस, हे मी सांगून पाहिलं रे. ती म्हणाली, "माझा छोटू खोटं लिहीत नाही."

डॉक्टरांची नाही, तुझी वाट बघणारी,
ताई